हमीसीचा आवाज

उम्म अल कुवैन
११ जानेवारी २००९

ती. मनोरमाताईंना सप्रेम नमस्कार,

नेन्यांच्या हाती पाठवलेला डबा पोचला. तिळाच्या वड्या ओवीने शाळेत नेल्या, तिच्या टीचरलाही आवडल्या म्हणे. दादांसाठी इथले खजूर पाठवायचे होते, पण नेने घाईत निघाले. त्यांचीही नोकरी गेली. दादांचा रक्तदाब आता कसा आहे? त्यांना पेपरातल्या दुबईच्या बातम्या वाचून दाखवू नका. मग मुलाच्या काळजीने ते दिवसभर तेच घोकत बसतात.

इकडे थंडी छान पडली आहे. बाल्कनीतून खाडी दिसते, पाणकावळ्यांचे थवेच्या थवे येतात. समोरच्या इमारतीचं काम थांबलंय, क्रेन तशीच उभी आहे. ओवीच्या वर्गातली मुलं एकेक करून कमी होताहेत. क्लिनिकमधलं माझं रिसेप्शनचं काम चालू आहे, तेवढं बरं.

यतीन संक्रांतीला येईल असं मी म्हटलं होतं, ते जमणार नाही. टांझानियात पाऊस सुरू झालाय आणि साइटवरून बाहेर पडायचा रस्ता पावसात बंदच असतो. निकेलचे भाव पडल्यामुळे कंपनीने ड्रिलिंग थांबवलंय, पण जिऑलॉजिस्टला जमिनीतून काढलेल्या नमुन्यांपाशी थांबावं लागतं. काळजी करू नका. साइटचा सॅटेलाइट फोन बदलणार आहेत, तेव्हा जुन्या नंबरवर लावू नका. आणि मलाही शुक्रवारी दुपारी फोन करू नका हं, त्या वेळी लाइन मोकळी ठेवावी लागते.

एक सहज विचारते. तुमच्या या भावाला कॉलेजात असताना हिवताप झाला होता आणि तो डोक्यात गेला होता, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. तो कशाने उतरला? त्याला भास व्हायचे का? सवडीने कळवा. दादांना विचारू नका.

तुमची,
मृणालिनी


उम्म अल कुवैन
५ फेब्रुवारी २००९

ती. मनोरमाताई,

हे पत्र मुद्दाम शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. स्टाफरूममध्ये उघडू नका, कुठेतरी एकट्या बसून वाचा. घाबरू नका असं लिहिणार होते, पण मीच इतकी घाबरले आहे की ते लिहायला हात धजेना.

मागच्या पत्रात मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. यतीनची कंपनी नोव्हेंबरातच बंद पडली. पैसा लावणाऱ्यांनी हात काढून घेतला, साहेब देश सोडून गेले, इथल्या इंडस्ट्रियल एरियातल्या यार्डाला कुलूप लागलं. साइटवरचे बाकीचे लोक शेवटच्या गाडीने निघाले. यतीन नमुन्यांच्या पेट्या बंद करायला दोन दिवस मागे राहिला आणि गावाने त्याला अडकवून ठेवलं.

गावाचं नाव मबुयुनी. गोरखचिंचेच्या झाडांचं गाव, असा त्याचा अर्थ आहे म्हणे. दोन वर्षं यतीनने तिथली जमीन खणून तपासली, त्यांची भाषा शिकला, त्यांच्या लग्नांत जेवला. मागच्या उन्हाळ्यात कंपनीने त्या गावातल्या हमीसी नावाच्या माणसाला ड्रिलिंगच्या यंत्रांची दुरुस्ती शिकायला इथे यार्डात आणलं. त्याला निवडलं यतीननेच. ऑक्टोबरपर्यंत हमीसीचे घरी फोन जात होते. मग ते बंद झाले. आणि गावातली वडीलधारी माणसं यतीनला म्हणाली, "आमचा माणूस तुमच्या कंपनीने नेला. आता कंपनी म्हणून तूच उरलास. आमचा माणूस आण आणि खुशाल जा."

ताई, मी त्यांच्या जागी असते तर काय वेगळं केलं असतं? पण मी त्यांच्या जागी नाही. माझा माणूस तिथे आहे.

दर शुक्रवारी, नमाज झाल्यावर, गावातले लोक यतीनला जवळच्या टेकडीवर नेतात. तिथे मोबाइलला रेंज येते. पहिल्या वेळी तो म्हणाला, "मृणाल, नीट ऐक. मला कोणी मारत नाहीये. जेवायला देतात. फक्त जाऊ देत नाहीत." दाराशी दोघं कोयते घेऊन बसतात. त्यातला एकजण दोन वर्षं यतीनच्या नमुन्यांच्या पेट्या डोक्यावरून वाहायचा. तो रोज सकाळी यतीनला रामराम केल्यासारखं त्यांच्या भाषेत क्षेमकुशल विचारतो आणि मग कोयता मांडीवर घेऊन बसतो.

यतीन राहतो तो हमीसीच्याच घरी. हमीसीची बायको रशीदा आधी कॅम्पवर स्वयंपाक करायची. तीच त्याला मक्याची उकड करून घालते. मागच्या शुक्रवारी तिने फोन हातात घेतला. ती बोलायची, मग यतीन मला मराठीत सांगायचा, आणि त्याचा आवाज इतका बारीक झालेला की मला दोनदोनदा विचारावं लागत होतं. ती म्हणाली, "तुझा माणूस माझ्याकडे आहे. माझा माणूस तुझ्या गावात आहे. तू शोध." नंतर एकदम "दवा, दवा" म्हणाली. तो शब्द मला सांगावा लागला नाही. त्यांच्याकडेही औषधाला तेच म्हणतात. यतीनला दोनदा हिवताप येऊन गेलाय, तिसऱ्यांदा चढतोय आणि गोळ्या संपल्या आहेत. म्हणून मी तुम्हाला ते विचारलं होतं.

वकिलातीत कळवलंय. ते तिकडच्या पोलिसांशी बोलताहेत, पण पूल वाहून गेलाय. आणि यतीन म्हणतो पोलीस आणू नकोस, गावात बंदुका आल्या तर काय होईल सांगता येत नाही.

ओवीला मी काही सांगितलेलं नाही. काल जेवताना तिने ताट सरकवलं आणि विचारलं, "आई, इज बाबा सिक ऑर इज ही डेड? जस्ट टेल मी." मी म्हटलं, बाबा पावसात अडकलाय. ती म्हणाली, "यू आर लाइंग," आणि उठून गेली. आमचा व्हिसाही त्याच कंपनीचा आहे. दाराची बेल वाजली की मी आधी श्वास धरते, मग बाहेर बघते.

हमीसीचा शोध लागतोय असं वाटतं. यार्डाचा वॉचमन लियाकत अजून गेटवर असतो, त्याला जायला जागाच नाही. तो म्हणाला, "भाभी, उसका पासपोर्ट तो ऑफिस की तिजोरी में बंद है. एक लेबर सप्लायर आया था, सबको पिकअप में बिठाके ले गया. फुजैरा साइड, मसाफी के ऊपर, पत्थर के क्रशर पे. बोला पेपर नहीं चाहिए. खलास, उसके बाद किसी का फोन नहीं." शनिवारी क्लिनिकला सुट्टी आहे. ओवीला शेजारच्या बानूभाभीकडे ठेवून मी मसाफीला जाते.

दादांना काही कळू देऊ नका. पत्र फाडून टाका.

मृणालिनी


उम्म अल कुवैन
२८ फेब्रुवारी २००९

ती. मनोरमाताई,

आधी बातमी. यतीन सुटला. काल रात्री दार-ए-सलामहून त्याचा फोन आला, तिथे हॉस्पिटलात सलाइन लावलंय. डॉक्टर म्हणतात आठवडाभरात प्रवास करू शकेल. दादांना आता खुशाल सांगा की यतीन येतोय.

हमीसी सापडला. क्रशरवरच होता. त्याने फोनवरून बायकोशी बोलून घेतलं, कागदपत्रं झाली की येतो म्हणाला. रशीदाने ते गावच्या लोकांना सांगितलं आणि त्यांनी यतीनला जाऊ दिलं. सगळं नीट झालं.

त्याच्याबद्दल तुम्ही फोनवर खूप विचारत होतात म्हणून लिहिते. तो बरा आहे. अजून काय लिहू, माझी फारशी ओळख नाही.

मला दोनचार दिवस जेवण जात नाहीये, पण ते दगदगीने असेल. शुक्रवारी दुपारी आता फोन केलात तरी चालेल. म्हणजे, नकाच करू. मी हल्ली त्या वेळी मोबाइल बंद ठेवते.

मृणालिनी


उम्म अल कुवैन
२८ मार्च २००९

ती. मनोरमाताई,

यतीनशी तुमचं बोलणं झालंय. तो अशक्त आहे, पण चालतो फिरतो, ओवीचा अभ्यास घेतो. त्याने तुम्हाला बाकीचं सांगितलेलं नाही. म्हणाला, ते तू सांग.

मागच्या पत्रात हमीसीबद्दल लिहिलं ते खोटं होतं.

त्या शनिवारी मी टॅक्सीने गेले. दीडशे दिरहम, म्हणजे दोन हजार रुपये ठरवून त्या माणसाने मला धैदवरून मसाफीच्या डोंगरात नेलं. क्रशरची जागा लांबूनच कळते. डोंगराचा तेवढा भाग पांढरा झालेला, झाडं पांढरी, पत्र्याच्या खोल्या पांढऱ्या. मी फाइल घेऊन गाडीतून उतरले आणि तिथली माणसं काम टाकून वर डोंगरात पळत सुटली. मला कळेचना. टॅक्सीवाला हसून म्हणाला, "मॅडम, आपको पुलिसवाली समझा." ताई, इतके दिवस मी बेलच्या आवाजाला दचकत होते, आणि इथे माणसं मला बघून जिवाच्या भीतीने पळत होती.

एकटा मागे राहिला, कारण त्याच्या पायाला फडकं बांधलेलं होतं. जुमा त्याचं नाव, झांझिबारचा. मोडकं हिंदी बोलायचा. मी हमीसीचं नाव घेतल्यावर तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग तिथेच दगडावर बसला.

हमीसी डिसेंबरातच गेला होता. दगडाच्या धुळीने खोकला, मग ताप. हॉस्पिटलात नेलं तर कागद मागतील, आपल्याला सगळ्यांना पकडतील, या भीतीने कोणी नेईना. हमीसीही नको म्हणायचा, पकडला गेलो तर बायकोला तोंड कसं दाखवू. शेवटी त्याला श्वास घेता येईना तेव्हा जुमाने आणि आणखी एकाने त्याला खडीच्या टिपरमधून नेलं, सरकारी हॉस्पिटलच्या दारातल्या बाकावर बसवलं, अंगावर जुमाचं ब्लँकेट घातलं आणि ते निघून आले. "बैठा था, मॅडम," जुमा म्हणत होता, "हम निकले तब वो बैठा था." आम्ही क्लिनिकमधून इतर हॉस्पिटलांना नेहमी फोन करतो, तसा मी सोमवारी तिथे केला. त्यांनी त्याच्यासाठी होईल ते केलं होतं. रजिस्टरला नाव नाही. अनोळखी आफ्रिकन पुरुष, न्यूमोनिया. फुजैराच्या कबरस्तानात दफन केलंय.

म्हणजे मबुयुनीचे लोक यतीनच्या बदल्यात ज्याला मागत होते, तो तेव्हा मातीखाली होता.

त्याच आठवड्यात शुक्रवारी यतीन फोनवर आला तेव्हा तो मला आई म्हणाला. दोनदा. मग म्हणाला, समोरच्या झाडावर दादा बसलेत, त्यांना खाली उतरायला सांग. रशीदाने फोन घेतला आणि एकच शब्द म्हणाली, "हमीसी?" मी म्हटलं, "येस. हमीसी ओके." माझ्या तोंडातून गेलं, ताई. विचार करून नाही बोलले. पलीकडे ती मोठ्याने काहीतरी ओरडली, मागे बायकांचा गलका ऐकू आला. मग कोणीतरी इंग्रजीत म्हणालं, पुढच्या शुक्रवारी त्याला फोनवर आण.

मी परत मसाफीला गेले. जुमाला म्हटलं, "हमीसी बनके बात करोगे?"

तो म्हणाला, "ये हराम है."

"मेरा आदमी मर जाएगा, जुमा."

"उसका आदमी तो मर गया." मी त्याच्या पाया पडले. खरंच पडले, त्या पांढऱ्या धुळीत. तो घाबरून मागे सरला. मग म्हणाला, हमीसी बायकोबद्दल खूप बोलायचा, मला माहीत आहे ती कशी आहे ते.

शुक्रवारी आम्ही मसाफीला एका कॅफेटेरियात मागच्या टेबलावर बसलो. समोरचा चहा कोणी घेतला नाही. फोन आला. जुमा म्हणाला, "रशीदा?" आणि थांबला. मग खाली बघत, खोकत, काहीबाही बोलत राहिला. मधेच बराच वेळ नुसता ऐकत होता. फोन ठेवला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं, काय म्हणाली? "बोली, खांसी है, छाती पे गरम तेल लगाओ." मला इतकं बरं वाटलं, ताई. तिला पटलं म्हणून मला बरं वाटलं. ते मी विसरू शकत नाही.

यतीन आला त्या दिवशी ओवी त्याच्या गळ्यात पडली, बानूभाभीने बिर्याणी आणून दिली. सगळे गेल्यावर, बूट काढायच्याही आधी, त्याने मला विचारलं, "मृणाल, हमीसीला कुठे पुरलंय?"

मी विचारलं, तुला कसं कळलं? मग तो सांगायला लागला. त्या शुक्रवारी ताप थोडा उतरला होता आणि तो टेकडीवर रशीदाच्या समोरच बसला होता. फोन कानाला लावल्यावर पहिल्या शब्दालाच तिचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, संपलं आता. पण तिने फोन खाली ठेवला नाही. सगळं ऐकून घेतलं, ते तेलाचं सांगितलं, आणि गावच्या माणसांकडे वळून म्हणाली, "तोच आहे. माझ्या नवऱ्याचा आवाज मला नाही कळणार? तो येतोय. हा इथे मेला तर तिकडे त्याला कोण सोडेल? जाऊ द्या याला."

डांबरी रस्त्यापर्यंत ती स्वतः चालत आली, पाठीवर धाकटा मुलगा बांधून, यतीनला खांद्याचा आधार देत. गुडघाभर चिखल होता. त्याला लॉरीत बसवल्यावर म्हणाली, "तुझ्या बायकोला सांग, तो आवाज कोणा चांगल्या माणसाचा होता. माझ्या माणसाचा नव्हता. त्याला कुठे पुरलंय तेवढं मला सांगा." यतीनला हमीसीचं जे कळलं ते असं, लॉरीत बसल्यावर. त्याने विचारलं, मग मला का सोडलंस? ती म्हणाली, "मी तीन महिने तुला भरवलंय. तुला पुरायलाही मीच हवी का?" आणि परत फिरली.

त्या फोननंतर रशीदाच्या धास्तीने मी शुक्रवारी मोबाइल बंद ठेवते म्हणून यतीन माझ्यावर पहिल्यांदा ओरडला. पण मला आणखी एक भीती होती. तिने गावाशी खोटं बोलून यतीनला सोडलं. हमीसी येत नाही हे गावाला कळेल तेव्हा तिचं काय करतील? दाराशी कोयते घेऊन बसणारे तिच्या दाराशी बसले तर? दुपारी बारीकशी झोप लागली तरी मला ते दिसायचं.

काल शुक्रवारी आम्ही तिघं फुजैराला गेलो, यतीन, मी आणि जुमा. कबरस्तानात मी आत गेले नाही, भिंतीपाशी उभी राहिले. रखवालदाराने महिना सांगितल्यावर जागा दाखवली. मातीचा उंचवटा, दोन दगड, नाव नाही. यतीनने तिथूनच रशीदाला फोन लावला आणि सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल. मी त्याची तयारी करून गेले होते. तिने विचारलं, समुद्र दिसतो का तिथून? यतीन म्हणाला, दिसत नाही, पण वारा येतो. मग तिने त्या आवाजाच्या माणसाला मागितलं.

जुमाने फोन घेतला. या वेळी तो खोकला नाही. बाकावर कसं बसवलं, ब्लँकेट कसं घातलं, शेवटी हमीसी काय बोलत होता, सगळं सांगत राहिला. मला शब्द कळत नव्हते. मधे मधे माफी मागत होता एवढं कळत होतं. फोनच्या स्पीकरमधून तिचं रडणं भिंतीपाशी मलाही ऐकू आलं.

शेवटी तिने मला बोलावलं. यतीन सांगत गेला. ती म्हणाली, गावाला मीच सांगेन, माझ्या पद्धतीने, तू त्यात पडू नकोस. मी म्हटलं, मला माफ कर. त्यावर ती म्हणाली, "माझा मोठा मुलगा सात वर्षांचा आहे. मोठा झाला की मी त्याला बापाची कबर बघायला पाठवीन. ती जागा तुम्हालाच माहीत आहे. तो येईल तेव्हा तू तिथे असायला पाहिजेस." मी हो म्हटलं. तिने ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

म्हणून, ताई, तुम्ही म्हणता तसं सगळं आवरून आम्ही पुण्याला येणार नाही. यतीनला मसाफीजवळच खडी तपासायच्या लॅबमध्ये काम मिळतंय, व्हिसाही देणार आहेत. जुमाला देशाबाहेर जायचे कागद मिळवून देण्यासाठी तो रोज कुठल्या ना कुठल्या ऑफिसात उभा असतो. दादांना सांगा, पगार बरा आहे म्हणून थांबलोय.

खरं तर मला इथे एक दिवस राहवत नाही. तो मुलगा दारात उभा राहील, त्याचा चेहरा बापासारखा असेल, आणि मी त्याच्या बापाला कधी पाहिलेलंही नाही, त्यामुळे मला तो ओळखूही येणार नाही. तो आधी काय विचारेल, याचीच मला भीती वाटते. पण दार मीच उघडणार आहे.

हे पत्र फाडू नका.

तुमची,
मृणालिनी